इंग्लंडचं घर, अमेरिकेचं घर: दिव्याचं बटण खाली की वर?

वरणफळ

नऊ वर्षं इंग्लंडात रेडिंगला काढून गेल्या ऑगस्टात आम्ही ओहायोत, कोलंबसला आलो. निघताना जो तो म्हणत होता, "गोऱ्यांच्या देशातून गोऱ्यांच्या देशात तर जाताय, त्यात काय एवढं!" मलाही तसंच वाटत होतं.

पहिल्या रात्री बाथरूममधल्या दिव्याचं बटण खाली केलं. अंधार. पुन्हा वर, पुन्हा खाली. दिवा नेमका कशाने लागला ते कळेपर्यंत लेक जागी झाली. इथे बटण वर केलं की दिवा लागतो. सांगलीला माहेरी खाली, पुण्यात खाली, रेडिंगला खाली. चाळीस वर्षं बोटांत मुरलेली सवय, अजूनही दिवसातून चारदा चुकते.

मग हळूहळू लक्षात आलं की रेडिंगच्या घरात मी अर्धी पुण्यातच राहत होते. प्रत्येक सॉकेटला शेजारी बटण, इथे ते नाहीच, प्लग खुपसला की वीज सुरू. तिथे बरेचसे बल्ब आपल्यासारखे दोन पिनांचे, दाबून फिरवायचे. इथे सगळे आट्यांचे. तिथे तळमजला म्हणजे तळमजला आणि त्याच्यावर पहिला. इथे तळमजल्यालाच पहिला म्हणतात. सोफा पोचवायला आलेल्या माणसाला मी फोनवर "फर्स्ट फ्लोअर" सांगितलं, तो खालच्या मजल्यावर सोफा ठेवून निघून गेला. चूक त्याची नव्हती.

आणि केटल! तिथली केटल दोन मिनिटांत खदखदायची. इथे नवी आणली, ती आपली बसलीय विचार करत.

दोन्हीकडे संसार केलेल्यांनी भर घाला. भाषेतले फरक नकोत (बिस्किट-कुकी, लिफ्ट-एलेव्हेटर हे चावून चोथा झालंय). घरातले सांगा. नळ, चूल, कपडे, गादी, कचरा, असलं.

ओसरीवर

मस्त धागा. मी उलट्या दिशेने आले, न्यू जर्सीहून लंडनजवळ हॅरोला.

पहिला बळी मिक्सर. न्यू जर्सीत मुद्दाम ११० व्होल्टचा भारतीय मिक्सर घेतला होता, तो मोठ्या प्रेमाने सामानात आणला. हॅरोत नुसता पिन बदलणारा अडॅप्टर लावला आणि नारळाची चटणी लावली. दहा सेकंद विमान उडाल्यासारखा आवाज, मग वास, मग सगळ्या किचनची वीज गेली. नवरा म्हणाला, "चटणी झाली का?"

आईने पुण्याहून दुसरा पाठवला. नुसता प्लग बदलला, गेली सहा वर्षं चाललाय.

तारायंत्र

हा माझ्या धंद्यातला विषय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

ब्रिटनमध्ये भारतासारखेच २३० व्होल्ट. अमेरिकेत साध्या सॉकेटला १२०. ब्रिटिश प्लगमध्ये १३ अँपचा फ्यूज असतो, म्हणजे केटलला जवळजवळ ३ किलोवॅट मिळतात. अमेरिकी सॉकेट बहुतेक १५ अँपच्या लाइनवर, त्यामुळे केटल १.५ किलोवॅटच्या आसपास थांबते. एक लिटर पाणी नळाच्या थंडाव्यापासून उकळीपर्यंत न्यायला तिकडे दोन मिनिटं, इकडे चार. वरणफळताई, केटल विचार करत नाही, उपाशी आहे.

पण अमेरिकी घरात २४० व्होल्ट येतातच. विजेची शेगडी, कपड्यांचा विजेचा ड्रायर, अख्ख्या घराचा एसी हे त्यावरच चालतात. साध्या सॉकेटपर्यंत पोचतात ते त्यातले निम्मे.

प्लगची एक गंमत. भारतातला तीन गोल पिनांचा प्लग मुळात जुना ब्रिटिश नमुना. दुसऱ्या महायुद्धानंतर तांब्याची टंचाई, घरं भराभर बांधायची, म्हणून इंग्रजांनी एकाच तारेचं कडं करून त्यावर अनेक सॉकेट बसवायची पद्धत काढली. त्या कड्याचा मुख्य फ्यूज मोठा, म्हणून प्रत्येक प्लगच्या पोटात वेगळा छोटा फ्यूज. १९४७ साली चौकोनी पिनांच्या या प्लगचं मानक ठरलं. ते स्वतः नव्या प्लगवर गेले, आपण त्यांचा जुना गोल पिनांचा सांभाळत बसलो.

ओसरीवर, तुमचा मिक्सर जळणारच होता. उलटं झालं असतं, म्हणजे २३० चा मिक्सर इकडे लावला असता, तर जळला नसता, नुसता कण्हला असता.

तुर्रेबाज

देशात लोकांना आठवड्यातून दोनदा पाणी आणि इथे केटलला दोन मिनिटं की चार यावर निबंध. चालू द्या.

वरणफळ

@तुर्रेबाज, चालू आहेच. तुम्हीही बसा, चहा होतोय. चार मिनिटं लागतील.

गोळाबेरीज

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!

मी ग्लासगोला. आधी तीन वर्षं शिकागोच्या उपनगरात. माझा मुद्दा एकच: फोडणी.

शिकागोच्या घरात शेगडीच्या डोक्यावर मायक्रोवेव्ह, त्याच्याच बुडाला पंखा. वाटायचं धूर बाहेर जातो. कसला बाहेर! जाळीतून गाळून परत आपल्याच तोंडावर. बाहेर जाणारा पाइपच नव्हता. वर घर गरम करायची पद्धत म्हणजे तळघरातली भट्टी आणि तिथून खोल्याखोल्यांत गरम हवा नेणारे पत्र्याचे बोगदे. खाली हिंगाची फोडणी दिली की वरच्या बेडरूममधल्या उशीलाही हिंग. आणि जिन्यातला धुराचा अलार्म मोहरी तडतडण्याचीच वाट बघत बसलेला. मिरचीची फोडणी असली की एक जण झाऱ्या धरणार आणि दुसरा अलार्मखाली टॉवेल हलवणार, अशी आमची वाटणी होती. ओळखीतल्या दोघांनी तर गराजमध्ये वेगळी शेगडी मांडली होती. मासे, तळण सगळं तिकडे.

स्कॉटलंडात फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घरात एकमेकांना जोडलेले अलार्म सक्तीचे झाले. बैठकीत, जिन्यात धुराचे. पण स्वयंपाकघरात लावायचा तो उष्णतेचा. धूर झाला म्हणून तो बोंबलत नाही, खरंच तापलं तर बोंबलतो. ज्याने हे ठरवलं त्याच्या घरी कुणीतरी फोडणी करणारं असावं असं मला नेहमी वाटतं.

तरी दार बंद ठेवावं लागतंच. पण इथे स्वयंपाकघराला दार असतं, हे सांगायचं राहिलं.

शेजारची_काकू

मी पुण्याची. मुलगा मँचेस्टरला, मुलगी डॅलसला. आलटून पालटून दोन्हीकडे जाते, त्यामुळे मला दोन्हीकडच्या तक्रारी करायचा हक्क आहे.

मँचेस्टरचं घर म्हणजे काडेपेटी. कपडे धुण्याचं मशीन स्वयंपाकघरात! ओट्याखाली. एकीकडे पोळ्या लाटतेय आणि गुडघ्याशी मोजे गरगरतायत. पहिल्या वर्षी मला जेवण जाईना. आणि ते मशीन संपता संपत नाही. दोन-दोन, अडीच-अडीच तास. जावयाकडचं वरून उघडणारं धबधबा मशीन पाऊण तासात मोकळं. (मुलगा म्हणतो तिथलं मशीन गार पाणी घेऊन स्वतः तापवतं म्हणून वेळ लागतो. असेल.)

मुलाच्या जुन्या घरात बेसिनला दोन वेगळे नळ होते. एक चटका देणारा, एक गोठवणारा. मध्ये काही नाही. तोंड कसं धुवायचं? तर बेसिनला बूच लावून दोन्ही पाणी मिसळायचं आणि त्यात तोंड बुचकळायचं. मी एक मग ठेवला, प्रश्न मिटला.

भांडी तर विचारू नका. सिंकमध्ये प्लॅस्टिकचं एक घमेलं, त्यात साबणाचं पाणी, त्यात सगळी भांडी बुचकळून फेसासकट जाळीवर उपडी. मुलाची शेजारीण फार गोड बाई, मला मदत करायला म्हणून आली आणि माझ्या सगळ्या वाट्या तशा फेसासकट वाळत घातल्या. ती गेल्यावर मी सगळ्या परत विसळल्या. हळूच, नळ बारीक करून, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

डॅलसला सिंकच्या भोकात चक्की. खरकटं ढकलायचं, बटण दाबायचं, घर्रर्र. मला ती भारी आवडली. इतकी की मी एकदा उरलेला भात, बटाट्याची सालं आणि शेवग्याच्या शेंगांची चोथरं एकदम घातली. प्लंबर आला. जावई काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून चक्कीचं बटण "बिघडलंय".

तारायंत्र

काकू, दंडवत!

ती चक्की १९२७ साली विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावच्या जॉन हॅम्स नावाच्या वास्तुविशारदाने काढली. न्यूयॉर्क शहरात तर जुन्या गटारांच्या काळजीपोटी ती १९९७ पर्यंत बेकायदाच होती. भाताच्या पिठाने तुंबते आणि शेंगांच्या दोऱ्यांनी अडकते. तुम्ही एका घासात दोन्ही दिलंत.

दोन नळांचं कारण माळ्यावरची टाकी. जुन्या ब्रिटिश घरांत स्वयंपाकघरातला गार नळ थेट बाहेरच्या पाइपातून, म्हणून पिण्याचा. गरम पाणी मात्र माळ्यावरच्या टाकीतून खाली येऊन तापायचं. त्या टाकीतलं पाणी पिण्याजोगं धरत नसत आणि दोन्हीकडचा दाबही वेगळा, म्हणून दोन्ही पाणी नळातच एकत्र होऊ द्यायचं नाही. नव्या घरांत पाणी जागच्या जागी तापवणारा बॉयलर आला, टाकी गेली, एकच नळ आला.

ओसरीवर

म्हणजे गच्चीवरच्या सिंटेक्सच्या टाकीची थोरली बहीणच की!

पण तो नवा बॉयलर आला आणि माझं मोठं नुकसान झालं. आधीच्या भाड्याच्या घरात गरम पाण्याचा तांब्याचा बंब एका कपाटात होता, वर फळ्या, फळ्यांवर टॉवेल. त्या कपाटात रात्री इडलीचं पीठ ठेवलं की सकाळी डबा भरून वर. जानेवारीतसुद्धा. दह्याला तर चार तास पुरत. घर विकत घेताना नवीन बॉयलर बघून नवरा खूश आणि मी पीठ कुठे ठेवू या विवंचनेत.

अमेरिकेत ओव्हन बंद ठेवून नुसता आतला दिवा लावायचा, तेही चालायचं. आमच्या इथल्या ओव्हनचा दिवा ओव्हन चालू केल्याशिवाय लागत नाही.

झेंडूची_माळ

ओसरीवर, गरम पाण्याची बाटली पिठाच्या डब्याला टेकवून दोन्ही गोधडीत गुंडाळा. लीड्सला अकरा वर्षं हेच करतेय.

जाता जाता, गोधडीवरून गादी आठवली. अमेरिकेतल्या नणंदेने आम्हाला सुंदर चादरींचा जोड पाठवला, किंग साइज. आमचीही गादी किंग साइज. उघडून पाहते तर चादर पलंगाखाली लोळतेय. ब्रिटनचा किंग १५० सेंटिमीटर रुंद, अमेरिकेचा १९३. आपला राजा म्हणजे त्यांची राणी! (त्यांची क्वीन १५२.)

आणि इथे वरची चादर नसतेच. खोळ घातलेली दुलई, बस. नणंदेकडे खालची चादर, वरची चादर, ब्लँकेट, त्यावर शोभेचं पांघरूण, त्यावर सात उश्या. झोपायच्या आधी पाच मिनिटं उश्या उतरवण्यात जातात.

खारेदाणे

ह्यूस्टनहून. एक मुद्दा सगळ्यांनी सोडलाय. भारतासारखं घर म्हणून ब्रिटनचं एवढं कौतुक चाललंय, पण छताचा पंखा कुठे आहे तिथे? आणि डासांची जाळी? माझ्या ह्यूस्टनच्या घरात प्रत्येक बेडरूमला पंखा, प्रत्येक खिडकीला जाळी. लंडनला भावाकडे गेलो तर खिडकी बाहेर उघडते, जाळी नाही, पंखा नाही, एसी नाही. माशी आली तर तिला दार उघडून "या" म्हणायचं. नेमका जुलै २०२२ मध्ये गेलो होतो. १९ तारखेला लिंकनशरमध्ये कोनिंग्सबीला ४०.३ अंश नोंदले गेले, ब्रिटनचा उच्चांक. भावाचं घर थंडी आत येऊ नये म्हणून बांधलेलं, उन्हाळा आत आला तो बाहेरच जाईना. आम्ही पंचे ओले करून खिडक्यांना लावले. विदर्भातल्या आजोळाहून काही वेगळं नव्हतं, फक्त वाळ्याचा वास नव्हता.

आणि अमेरिकेतली घरं पुठ्ठ्याची असतात हे कुणीतरी म्हणणारच आहे, तेवढं म्हणून टाका.

तुर्रेबाज

म्हणतो. पुठ्ठ्याचीच असतात. डेन्व्हरला मेव्हण्याकडे भिंतीवर टकटक केलं तर दार वाजवल्यासारखा आवाज आला. खिळा ठोकायला आधी आतलं लाकूड कुठे आहे ते शोधायचं यंत्र. इंग्लंडात निदान वीट तरी असते.

तारायंत्र

बसलात का शेवटी चहाला!

१६६६ च्या आगीत लंडन जळालं, लगेच १६६७ मध्ये कायदा झाला की नवी घरं विटेची नाहीतर दगडाची. अमेरिकेत लाकूड मुबलक. १८३० च्या दशकात शिकागोत बारीक फळ्या आणि खिळ्यांचा हलका सांगाडा रूढ झाला. चार माणसं काही दिवसांत घर उभं करत. १८७१ मध्ये शिकागो जळालं तरी देशभर ती पद्धत चालूच राहिली, कारण स्वस्त आणि झटपट. भूकंपाच्या पट्ट्यात तर हलकं लाकडी घर विटेच्या घरापेक्षा बरं.

गोळाबेरीज

बारीक दुरुस्ती: स्कॉटलंडातली बहुतेक नवी घरंही आतून लाकडी सांगाड्याचीच. बाहेरून विटा, म्हणून कळत नाही. आमच्या घरात गणपतीच्या मखराला खिळा ठोकताना कळलं.

शेजारची_काकू

अंघोळीचं कुणीच बोललं नाही. मी बोलते.

दोन्हीकडे बादली-तांब्या नाही. मँचेस्टरला दिव्याला बटण नाही, छतातून लोंबणारी दोरी. ओल्या हाताने बटणाला हात लागू नये म्हणे. आणि केस वाळवायला बाथरूममध्ये सॉकेट नाही, फक्त दाढीच्या यंत्रापुरतं. डॅलसला तर बेसिनच्या शेजारीच सॉकेट! मला अजून धडकी भरते. मुलगी म्हणते त्याला गळती झाल्यास वीज तोडणारं बटण असतं. असेल बापडं.

जावयाने मात्र कमोडला जेट बसवून दिला, अर्ध्या तासात, स्वतःच्या हाताने. मुलाने मँचेस्टरला प्लंबर बोलावला तर तो म्हणाला, नियमात बसत नाही, घाण पाणी उलटं पाइपात जाण्याची भीती. मधे वेगळी टाकी वगैरे हवी. मुलगा म्हणाला राहू दे. तिथे माझा तांब्या आहे, लाल प्लॅस्टिकचा, पाहुणे आले की कपाटात जातो.

किनारपट्टी

काकू, तुमचा तांब्या आमच्याकडे झारी आहे. कुंड्यांना पाणी घालायची, असं पाहुण्यांना सांगतो. बाथरूममध्ये एकही कुंडी नाही.

मी सॅन होजे. आधी ब्रिस्टल. मला कपड्यांबद्दल लिहायचंय, कारण तेवढ्यासाठी मला ब्रिस्टल आठवतं. मागच्या अंगणात छत्रीसारखी गोल फिरणारी दोरी. ऊन पडलं रे पडलं की अख्ख्या गल्लीतल्या बायका-पुरुष टोपल्या घेऊन बाहेर, आणि चार थेंब पडले की "पाऊस आला" म्हणून शेजाऱ्याला हाक. हिवाळ्यात मात्र हाल. रेडिएटरवर मोजे, जिन्याच्या कठड्यावर पँटी, खिडकीच्या काचेतून पाणी ओघळतंय, कोपऱ्यात काळी बुरशी.

सॅन होजेला आलो, बाराही महिने ऊन, आणि सोसायटीचा नियम: कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत, शोभा जाते! कॅलिफोर्नियात २०१५ मध्ये कायदा झाला, त्यामुळे स्वतःच्या मागच्या अंगणात दोरी बांधायला आता सोसायटी सरसकट मनाई करू शकत नाही. फ्लोरिडातही असं संरक्षण आहे. मी बांधलीय. गल्लीत एकटीच. शेजारचे विचारतात, ड्रायर बिघडला का?

खारेदाणे

अवांतर: अंडी. भाऊ अंडी फळीवर ठेवतो, मी फ्रिजमध्ये, दोघांची बायकोकडून बोलणी ठरलेली. अमेरिकेत अंडी धुऊन विकतात, धुतल्याने वरचं नैसर्गिक आवरण जातं, मग गारच ठेवावी लागतात. ब्रिटनमध्ये दुकानातली अंडी धुतलेली नसतात, सिंहाच्या शिक्क्याच्या अंड्यांसाठी १९९८ पासून कोंबड्यांनाच साल्मोनेलाची लस देतात. दोघंही बरोबर. बायकांना सांगून उपयोग झाला नाही.

झेंडूची_माळ

वरणफळ, मूळ मुद्दा राहिला. तुम्ही आपला चहा केटलमध्ये करता??

वरणफळ

पकडलंत.

नाही. चहा पातेल्यातच, आलं ठेचून, दूध घालून, उतू जाईपर्यंत. नऊ वर्षं रेडिंगला केटलचा चहा फक्त बॉयलर दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाला दिला. केटल लागायची ती डाळ भिजवायला, उकडीचं पाणी पटकन तापवायला, लेकीच्या शेकायच्या पिशवीला.

किनारपट्टी, मीही मागे दोरी बांधली होती. चौथ्या दिवशी सोसायटीचं पत्र. आता सगळं तळघरात, घडीच्या स्टँडवर. भट्टी शेजारीच असल्याने पंचे अर्ध्या दिवसात कडक वाळतात, एवढं मात्र कबूल करते. इडलीचं पीठही आता तिथेच ठेवते, भट्टीच्या बाजूला. ओसरीवर, काय वर येतं म्हणून सांगू!

तारायंत्रांचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो उठला, माळ्यावरच्या खोक्यातून रेडिंगची केटल काढून आणली, आणि काल इलेक्ट्रिशियनला ओट्यापाशी एक २४० व्होल्टचं सॉकेट काढून द्यायचा भाव विचारला. त्या माणसाने विचारलं, नवी शेगडी घेताय का? नवरा म्हणाला, नाही, केटल. तो बराच वेळ केटलकडे बघत होता.

भाव ऐकून केटल परत खोक्यात गेली. कोलंबसच्या आसपास कुणाला हवी असेल तर निरोप टाका, प्लग कापून द्यावा लागेल.